सल्लागार कोणाचा? विलायतेतल्या हिंदी विद्यार्थ्यांच्या देखभालीचा इतिहास



परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. फी किती, व्हिसा कधी, नोकरी लागेल का, वगैरे. आज मला त्या मुलाबद्दल नव्हे, तर त्याला तिथं सल्ला देणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे. घरापासून हजारो मैलांवर मूल अडलं तर ते कोणाचं दार ठोठावतं? आणि दार उघडणारा माणूस नेमका कोणाचा असतो? मुलाचा, त्याच्या वडिलांचा, की सरकारचा? हा प्रश्न लंडनमध्ये शंभर वर्षांहून आधी उभा राहिला, आणि त्यात रक्तही सांडलं.

सुरुवातीला अशी कुठलीच व्यवस्था नव्हती. होत्या त्या चिठ्ठ्या. 1888 साली मोहनदास गांधी बॅरिस्टर व्हायला निघाले तेव्हा त्यांच्या खिशात चार ओळखपत्रं होती. त्यांतलं एक दादाभाई नौरोजींना होतं आणि एक डॉ. प्राणजीवन मेहतांना. मेहता हॉटेलात भेटायला आले. गांधींनी सहज त्यांची उंच टोपी उचलली आणि तिच्या मऊ लवेवरून उलटा हात फिरवला. मेहतांनी तिथल्या तिथं शिकवणी सुरू केली: दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, पहिल्या भेटीत खासगी प्रश्न विचारू नयेत, मोठ्यानं बोलू नये, आणि हॉटेलात पैसे घालवण्यापेक्षा एखाद्या कुटुंबात राहावं. बघा, यात उपदेशाचा आव नाही. मेहता स्वतः त्याच वाटेनं गेलेले होते, आणि मागून येणाऱ्याला खड्डे दाखवत होते.

त्याच्या पाच वर्षं आधी, 1883 मध्ये, आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या होत्या. त्यांना कोणी आधार दिला? न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी. गोपाळरावांचं पत्र एका मिशनरी मासिकात छापून आलं होतं. ते वाचून या बाईंनी आपणहून पत्रव्यवहार सुरू केला आणि पुढं आनंदीबाईंना घरी ठेवून घेतलं. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या, 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. पण तिथली थंडी, अपुरा आहार आणि क्षय यांपुढं ही माया पुरी पडली नाही. फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात त्या वारल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटर बाईंकडे पाठवली गेली आणि त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. मैत्रीतून मिळणारा आधार मोलाचा असतो, पण तो नशिबावर अवलंबून असतो. म्हणून संस्था लागते, व्यवस्था लागते. इथपर्यंत कोणाचंच दुमत असणार नाही.

आता व्यवस्था कशी आली ते पाहू. 1870 मध्ये मेरी कार्पेंटर यांनी ब्रिस्टलमध्ये नॅशनल इंडियन असोसिएशन स्थापन केली. (या वेगळ्या कार्पेंटर, बरं का.) पुढं ही संस्था लंडनमध्ये विद्यार्थ्यांसाठी बैठका, मेळावे भरवू लागली, पालकांच्या वतीनं देखरेखही करू लागली. हेतू चांगला होता, पण सूर बराचसा पालकत्वाचा होता.

दुसरीकडं, 1 जुलै 1905 रोजी श्यामजी कृष्णवर्मांनी हायगेट भागात 65, क्रॉमवेल अॅव्हेन्यू इथं ‘इंडिया हाऊस’ उघडलं. ते विद्यार्थ्यांचं वसतिगृह होतं आणि स्वातंत्र्याच्या राजकारणाचा अड्डाही. श्यामजींनी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या, त्यांतल्या एकीवर 1906 मध्ये सावरकर आले. मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेलेले पांडुरंग महादेव बापट, म्हणजे आपले सेनापती बापट, ब्रिटिश राजवटीविरुद्ध बोलले आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली. त्यांनाही आसरा मिळाला तो इंडिया हाऊसमध्येच. म्हणजे एकीकडची मदत राजनिष्ठेच्या अटीवर आणि दुसरीकडची देशभक्तीच्या अपेक्षेनं. निव्वळ विद्यार्थी म्हणून त्याच्याकडं पाहणारं दार कुठं होतं, हा प्रश्न उरतोच.

सरकारला काळजी वाटू लागली. भारतमंत्री मोर्ले यांच्या काळात, 1907 मध्ये, सर विल्यम ली-वॉर्नर यांची समिती नेमली गेली. हिंदी विद्यार्थ्यांची स्थिती तपासायची होती. अहवाल मात्र गुप्त ठेवला गेला. तो छापला गेला थेट 1922 मध्ये, लिटन समितीच्या अहवालाला जोडून! ज्यांच्या हितासाठी चौकशी, त्यांनाच निष्कर्ष वाचायला नाहीत.

या समितीचे एक सदस्य होते सर कर्झन वायली. ते भारतमंत्र्यांचे राजकीय एडीसी. विद्यार्थ्यांना मदत करणं हेही त्यांचं काम, आणि विद्यार्थ्यांच्या राजकीय हालचालींची माहिती ठेवणं हेही त्यांचंच. मदनलाल धिंग्रा हा युनिव्हर्सिटी कॉलेजात अभियांत्रिकी शिकणारा पंजाबी तरुण. तो इंडिया हाऊसच्या नादी लागला म्हणून काळजीत पडलेल्या त्याच्या भावानं वायली यांनाच पत्र लिहिलं, की याला जरा सांभाळा. वायलींनी मदनलालला पत्र पाठवून मदत देऊ केली. 1 जुलै 1909 च्या रात्री, नॅशनल इंडियन असोसिएशनच्याच समारंभात, धिंग्रानं वायलींना गोळ्या घातल्या. मध्ये पडलेले डॉ. कावस लालकाका हे पारशी गृहस्थही मेले. 17 ऑगस्टला धिंग्राला फाशी झाली.

या हत्येच्या नैतिकतेवर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल. आज मला एवढंच दाखवायचं आहे की भावाला वायली हे हितचिंतक वाटले, मदनलालला ते हेरांचे प्रमुख वाटले, आणि दोघांनाही तसं वाटण्याला कारण होतं. एकाच खुर्चीवर सल्ला आणि पाळत दोन्ही बसवली होती.

त्याच वर्षी सरकारनं माहिती कचेरी काढली आणि टी. डब्ल्यू. आर्नल्ड यांना शैक्षणिक सल्लागार नेमलं. अलीगढ आणि लाहोरला शिकवलेला हा विद्वान माणूस, इक्बालांचा गुरू. याहून योग्य माणूस मिळणं कठीण होतं. 1910 पासून कचेरी 21, क्रॉमवेल रोड इथं भरू लागली. नव्या मुलांसाठी खोल्या होत्या, वाचनालय होतं, कुठल्या विद्यापीठात काय शिकवतात याची माहिती मिळे. आणि तरीही विद्यार्थी म्हणत, ‘तिथं हेर असतात.’ प्रवेशासाठी वर्तणुकीचे दाखले मागितले जाऊ लागल्यावर तर संशय पक्काच झाला. आर्नल्डच्या सज्जनपणानं तो गेला नाही, कारण दोष माणसात नव्हता, पदाच्या रचनेत होता. सल्ल्याला बळ येतं ते ऐकणाऱ्याच्या विश्वासानं, आणि विश्वास हुकमानं निर्माण होत नाही.

याउलट उदाहरण पाहा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. आंबेडकर 1916 मध्ये लंडनला निघाले, तेव्हा प्राध्यापक सेलिग्मन यांनी सिडनी वेब यांना त्यांच्यासाठी ओळखपत्र दिलं. ती शिफारस गुरूनं शिष्याच्या बुद्धीसाठी केलेली होती. वर्तणुकीच्या दाखल्यात आणि असल्या पत्रात जो फरक आहे, तोच माझ्या विषयाचा गाभा.

तुम्ही म्हणाल, हे साम्राज्याच्या काळातलं झालं. पण आज अमेरिकेतल्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना मदत करणारा जो अधिकारी असतो, त्यालाच ‘सेव्हिस’ या सरकारी संगणकप्रणालीत विद्यार्थ्याच्या नोंदणीची माहिती भरावी लागते. ब्रिटनमध्येही व्हिसाला पुरस्कृत करणाऱ्या विद्यापीठाला गैरहजेरी सरकारला कळवावी लागते. आपल्या शहरांतले अनेक सल्लागार तर विद्यापीठांकडून कमिशन घेतात. हे सगळं गुपचूप चालतं असं नाही, नियमानुसारच चालतं. पण नापास झालेला, पैसे संपलेला, मनानं खचलेला मुलगा त्या टेबलाशी जायला कचरतो, आणि ज्या दिवशी जायला हवं नेमका त्याच दिवशी जात नाही.

तेव्हा आपली मुलं निघतील तेव्हा सरकारी कचेरीचा पत्ता जरूर द्या, पण त्याबरोबर अशा एखाद्या माणसाचाही पत्ता द्या, ज्याला कोणालाच अहवाल पाठवायचा नाही. आणि आपल्यापैकी जे स्वतः तिकडं राहून आले आहेत, त्यांनी मागून जाणाऱ्यांसाठी प्राणजीवन मेहता व्हायला काय हरकत आहे?