बेथेलचं पाणी

राजूरच्या टेकडीवर गणपती. खाली गाव. गावाबाहेर आम्ही. आणि आमच्याही पलीकडं मांगवाडा. ही उतरंड बघतच मी वाढलो. म्हणून जालन्याजवळच्या बेथेलचा इतिहास हाती लागला तेव्हा आधी वाटलं, पाद्र्यांची गोष्ट, आपल्याला काय करायची? पण गड्यांनो, ती गोष्ट मांगांची आहे. आणि थोडी आपलीही.

नारायण शेषाद्री जातीनं ब्राह्मण. 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा वर्षांचं पोर, तोही पाद्र्यांकडं गेला. कोर्टानं त्याला बापाच्या हवाली केलं. आता गंमत बघा. पोरगं पाद्र्याच्या घरी जेवलं होतं, म्हणून मुंबईच्या सनातन्यांना ते नको झालं. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन परत घेऊ म्हटलं, तर त्यांच्यावरच गहजब! चार घास खाल्ले म्हणून आपलंच लेकरू उंबऱ्यात अडवणारा हा धर्म. तो आपल्याला काय आत घेणार होता?

थोरला नारायण पुढं फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा पाद्री झाला. 1860 नंतर जालना हे त्याच्या कामाचं ठाणं झालं. मुलूख निजामाचा. त्याच्याकडं आले ते बहुतेक मांग. निजामाचा दिवाण सालारजंग याच्याकडून जमीन मिळवून त्यानं जालन्याजवळ गाव वसवलं, बेथेल. म्हणजे देवाचं घर.

मांग काही उड्या मारत गेले नसतील. विचार करा ना. दोर वळायचे, हलगी वाजवायची, त्यावर पसाभर बलुतं. बाप्तिस्मा घेतला की ते गेलं. मरीआई सुटली, भावकी तुटली, पोरीला स्थळ कुठून आणायचं? असा माणूस कचरणारच. त्याला नुसतं 'येशू तुझ्यावर प्रेम करतो' म्हणून भागत नाही. ज्याचं जुनं सगळं जाणार, त्याला नवं सगळं द्यावं लागतं. पाय ठेवायला जमीन, लेकरांना शाळा, पाण्याला कुणी अडवणार नाही असं गाव, रोटी आणि बेटी. बेथेल हे असं गाव होतं, म्हणून लोक टिकले. नाहीतर चार दिवसांत मांगवाड्यात परत आले असते.

'भाकरीसाठी बाटले' ही शिवी आपणही कधीमधी देतो. मी म्हणतो, भाकरीसाठी गेले तर काय झालं? उपाशी माणसाची निष्ठा तपासणारे आपण कोण?

कचरणारे फक्त खालचे नव्हते. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला 1900 साली. मधल्या काळात बाईंचं सोवळं सहजी सुटत नव्हतं. ख्रिस्ती वस्तीत राहायचं आणि चूल वेगळी. विटाळ कुणाचा? आपल्याच लोकांचा! तरी त्या मंडळींनी बाईंना हाकललं नाही, घाई केली नाही. विटाळ ज्यांचा मानला त्यांनीच वाट पाहिली. मला यात टिळकांपेक्षा ती नाव नसलेली माणसं मोठी वाटतात.

चर्च म्हणजे स्वर्ग नव्हे. तिथंही जात आत शिरून बसली. बाबासाहेबांनी त्यावर कोरडे ओढलेत. इकडं सरकारचा 1950 चा आदेश असा, की अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की सवलत गेली. शिखांना ती 1956 ला मिळाली, आपल्याला बौद्ध म्हणून 1990 ला. त्यांना अजून नाही. जात मात्र कुणी काढून घेतली नाही.

आता घरचं सांगतो. 14 ऑक्टोबर 1956 नंतर आमच्याकडं देव विहिरीत गेले. आजीनं मात्र मरीआईचा तांदळा पिठाच्या डेऱ्यामागं लपवला होता. मी शाळेत होतो तेव्हा एका जयंतीला मांगवाड्यातलं एक पोरगं जेवायला आलं. पंगतीच्या टोकाला, जरा सोडून बसलं. आमच्या एका कार्यकर्त्यानं त्याला विचारलं, "बावीस प्रतिज्ञा येतात का रे? देव सोडले का?" पोरगं उठायला लागलं. आजी पत्रावळ घेऊन पुढं आली. "लेकरा, बस. आधी जेव. देवाचं मग बघू." त्याच्या तांब्यात तिनं आमच्याच घागरीचं पाणी ओतलं. त्या दिवसापर्यंत आमच्या वाड्यातलं पाणी कुणी मांगाला वरूनसुद्धा ओतलं नव्हतं. ही गोष्ट मी भाषणात कधी सांगितली नाही.

ते पोरगं पुढं जालन्याला गेलं, ख्रिस्ती झालं. मी एकदा विचारलं, "आमच्यात का नाही आलास?" तो म्हणाला, "तुमच्यात यायला परीक्षा होती."

आता तो म्हातारा झालाय. 14 एप्रिलला राजूरला येतो. पंगतीत बसतो. टोकालाच.