टोपणनावापासून कॉलसाइनपर्यंत: सीबी, हॅम आणि एफटी८ची गोष्ट, नागपुरातून

आजची गोष्ट वाडी नाक्यावरून सुरू करू.

अमरावती रोडने नागपूरच्या बाहेर पडलात की वाडी लागतं. ट्रान्सपोर्टची गोदामं, टायरची दुकानं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रकच ट्रक. कोलकात्याहून मुंबईकडे जाणारा आणि दिल्लीहून दक्षिणेत उतरणारा, हे दोन्ही मोठे रस्ते नागपुरातच एकमेकांना कापतात. आता कल्पना करा, साल १९७५. इथून दोन ट्रक निघालेत आणि वाटेत एका ड्रायव्हरला दुसऱ्याशी बोलायचंय. कसं बोलणार? नाहीच बोलणार. हॉर्न वाजवा, डिपर मारा, नाहीतर पुढच्या ढाब्यावर भेटा.

त्याच वर्षी अमेरिकेत मात्र ट्रकवाले चालत्या गाडीतून तासन्‌तास गप्पा मारत होते. त्यांच्या केबिनमध्ये एक छोटं खोकं बसवलेलं असायचं. त्याचं नाव सिटिझन्स बँड, म्हणजे सीबी. ते तिथे होतं आणि इथे का नव्हतं, याचं उत्तर शोधत गेलं की आपल्या देशाचा एक वेगळाच इतिहास हाती लागतो. आज तोच बघू.

'फर्स्ट मामा' बोलतेय

१९५८ मध्ये अमेरिकी सरकारने २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा एक पट्टा सामान्य माणसासाठी काढून दिला. गंमत म्हणजे हा पट्टा आधी हॅम लोकांकडे होता. हॅम म्हणजे परीक्षा देऊन परवाना घेतलेले हौशी रेडिओवाले. त्यांच्याकडून काढला आणि जनतेला दिला.

मग १९७३ची तेलटंचाई आली. डिझेल मिळेना, पाठोपाठ वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली. ट्रकवाले सीबीवरून एकमेकांना सांगायला लागले, अमुक पंपावर डिझेल आहे, तमुक पुलाखाली पोलीस उभा आहे. अर्थात खरं नाव कोण सांगणार? प्रत्येकाचं एक टोपणनाव असायचं, आज आपली इन्स्टाची आयडी असते तसंच. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही सीबी घेतला होता. त्यांचं टोपणनाव 'फर्स्ट मामा'. परवाना तेव्हा लागायचा, पण तो न घेता बोलणारेच भरमसाट. शेवटी १९८३ मध्ये तिथल्या सरकारने ती अटच काढून टाकली.

आता एक छोटी भौतिकशास्त्राची गोष्ट ऐका, कारण सीबीवरून हॅमकडे जाणारी वाट तिथूनच निघते. सीबीचा सेट एरवी काही किलोमीटरच पोचतो. पण सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्रात वाढतात आणि कमी होतात. डाग भरपूर असतात तेव्हा आपल्या डोक्यावरचा आयनोस्फिअर नावाचा थर २७ मेगाहर्ट्झच्या लहरींनाही परत जमिनीकडे वळवतो. मग गल्लीतल्या गप्पा ऐकायला लावलेल्या सेटवर अचानक हजारो किलोमीटरवरचा आवाज येतो. अंगावर काटा येईल की नाही? पण अमेरिकेत सीबीवरून दीडशे मैलांच्या पलीकडे बोलायला बंदी होती. ऐकू येतंय, पण उत्तर देणं बेकायदा. ज्यांना ते उत्तर द्यायचंच होतं, ते हॅमच्या परीक्षेला बसले. सीबी ही पहिली पायरी होती आणि हॅम ही दुसरी.

चिमूरची बातमी कुठून आली?

आपल्याकडे ती पहिली पायरीच नव्हती.

भारतात तार आणि टेलिफोनचा कायदा १८८५चा, वायरलेसचा १९३३चा. या दुसऱ्या कायद्यानुसार परवान्याशिवाय वायरलेस यंत्र नुसतं घरात ठेवणं हासुद्धा गुन्हा. हॅम मात्र होते. कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना १९२१ मध्ये परवाना मिळाला होता. पण दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि हौशी मंडळींना आपली ट्रान्समीटर यंत्रं पोलिसांकडे जमा करायचे हुकूम निघाले.

सरकार इतकं का घाबरत होतं, हे १९४२ मध्ये कळलं. मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. लहरीची लांबी ४२.३४ मीटर. ट्रान्समीटर उभा करायला नरिमन प्रिंटर या जुन्या रेडिओ हौशाने मदत केली. केंद्राची जागा सतत बदलायची, आणि निवेदनात पत्ता एवढाच की हा आवाज भारतातून कुठून तरी येतोय.

विदर्भातल्या माणसाने इथे जरा थांबावं. १६ ऑगस्ट १९४२ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरला आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला लोक उठले. त्यानंतर तिथे जे अत्याचार झाले, त्यांच्या बातम्या सेन्सॉर केलेल्या वर्तमानपत्रांत कशा येणार? काँग्रेस रेडिओने चिमूर-आष्टीची हकीकत देशाला ऐकवली. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी धाड घातली आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

म्हणजे बघा, अमेरिकन ट्रकवाला टोपणनाव घ्यायचा ते वेगाच्या दंडातून सुटायला, आणि उषाताईंनी पत्ता लपवला तो त्या आवाजासाठी तुरुंग ठरलेला होता म्हणून. दोघंही लपत होते, पण दोन लपण्यांत केवढं अंतर!

२००५: दोन दारं एकाच वर्षी उघडली

स्वातंत्र्य आलं, कायदे तेच राहिले. रेडिओ म्हणजे आकाशवाणी. ती बोलणार, आपण ऐकणार. नागपूरचं केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं. १९८८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपुरातूनच सुरू झाली, एक मेगावॅटच्या, म्हणजे दहा लाख वॉटच्या ट्रान्समीटरवरून. नागपूर देशाच्या मधोमध, त्यामुळे इथून सगळीकडे पोचता येतं, हे सरकारला बरोबर ठाऊक होतं.

सामान्य माणसाला बोलायचं असेल तर एकच वाट होती, हॅमची. १९७८च्या नियमांनुसार परीक्षा द्या, मोर्सचं कट्ट-कडकट्ट शिका, आणि मग परवाना. ही वाट अरुंद होती, पण तिचा उपयोग काय, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दिसलं. किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिवची गावंच्या गावं आडवी झाली. त्या काळात निरोप पोचवायला हॅम मंडळीही धावली. एक बॅटरी, एक सेट आणि दोन झाडांमध्ये बांधलेली तार एवढ्यावर त्यांचं काम चालतं.

मग २००५ साल उजाडलं. त्या वर्षी भारत सरकारने २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा सीबी पट्टा परवानामुक्त केला. पण दोन अटी घातल्या, शक्ती जास्तीत जास्त पाच वॉट आणि अँटेना सेटमध्येच बसवलेला. आता २७ मेगाहर्ट्झची लहर अकरा मीटर लांब असते. तिचा पाव भाग म्हटला तरी पावणेतीन मीटर. हातातल्या सेटच्या वीतभर अँटेनातून ती नीट निघणार कशी? शिवाय देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला होऊन दहा वर्षं झाली होती. वाडी नाक्यावरच्या ड्रायव्हरच्या खिशात मोबाइल येऊ लागला होता. सीबी आपल्याकडे आला तो वरात निघून गेल्यावर. आपल्यापैकी बहुतेकांनी २७ मेगाहर्ट्झ वापरला असेल तो लहानपणीच्या रिमोटवाल्या खेळण्यातल्या गाडीत.

त्याच वर्षी, ५ मे २००५ ला, इस्रोने पीएसएलव्हीवरून 'हॅमसॅट' सोडला, वजन साडेबेचाळीस किलो. हौशी रेडिओवाल्यांसाठीचा हा भारताचा पहिला उपग्रह. घराच्या गच्चीवर हातात अँटेना धरून लोक त्याच्यामार्फत दूरदेशी बोलायचे. तो २०१४ पर्यंत चालला. पुढे २२ जून २०१६ ला पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' गेला, जेमतेम एक किलोचा. हॅमच्या लहरींवरून एका ठिकाणचा डिजिटल निरोप घ्यायचा आणि दुसऱ्या ठिकाणी पोचवायचा, ही त्याच्यामागची कल्पना. तुमच्याच वयाच्या पोरापोरींनी केलेलं काम आहे हे.

खरखरीच्या खालून येणारा निरोप

'डिजिटल' हा शब्द आलाच आहे, तर तिकडे वळू.

मोर्स तुम्ही कधी बघितलंय का? लांब टोला, छोटा टोला आणि मधली शांतता. म्हणजे आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. हॅम लोक पहिल्या दिवसापासून एका अर्थाने डिजिटलच होते! १९८०च्या दशकात त्यांनी रेडिओला कॉम्प्युटर जोडून पॅकेट रेडिओ चालवला. १९९८ मध्ये पीटर मार्टिनेझ या इंग्लिश हॅमने पीएसके३१ आणला. कॉम्प्युटरच्या साध्या साउंड कार्डावरून टाइप करत गप्पा, बाकी महागडं काही नको.

आणि २०१७ मध्ये आला एफटी८. तो बनवणाऱ्या दोघांपैकी एक जो टेलर. हे गृहस्थ लहानपणापासून हॅम. पल्सार म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओच्या ठिणग्या फेकणारे मेलेले तारे. दुसऱ्या ताऱ्याभोवती जोडीने फिरणारा पल्सार शोधल्याबद्दल टेलर यांना १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या तीस मोठ्या डिश आहेत ना, त्याही हेच करतात, खरखरीत बुडालेला ठेका हुडकतात. टेलरनी तीच नजर हॅमच्या सिग्नलकडे वळवली.

एफटी८ कसा चालतो? घड्याळाचे पंधरा-पंधरा सेकंदांचे तुकडे करायचे. एका तुकड्यात तू बोल, पुढच्यात मी. दोघांची घड्याळं जवळपास सेकंदाला सेकंद जुळलेली हवीत. निरोप अगदी छोटा, त्यात चुका दुरुस्त करणारी जास्तीची माहिती गुंफलेली, आणि सगळं मिळून फक्त ५० हर्ट्झच्या बारीक पट्टीत. बोलायला याच्या कितीतरी पट रुंद पट्टी लागते. म्हणूनच खरखर सिग्नलच्या शंभरपट असली तरी निरोप वाचता येतो. कानाला काहीही ऐकू येत नाही, आणि स्क्रीनवर ब्राझीलचा माणूस उमटतो.

त्या छोट्याशा निरोपात असतं काय? दोघांची कॉलसाइन, पृथ्वीच्या नकाशावरचा चौकोन आणि सिग्नल कसा पोचला त्याचा आकडा. 'जेवलास का' एवढं विचारायलाही तिथे जागा जेमतेमच. पण मी कोण आणि कुठून बोलतोय, हे मात्र असतंच.

नाव सांगायची हिंमत

मला वाटतं, सीबी आणि हॅममधला खरा फरक इथे आहे. वॉट आणि मेगाहर्ट्झ नंतर. सीबीवर नाव लपवता येतं. हॅमवर कॉलसाइन सांगावीच लागते. भारतात ती 'व्हीयू'ने सुरू होते आणि तिच्यामागे एक परीक्षा दिलेला, नाव-पत्ता असलेला माणूस असतो. बदल्यात तुम्हाला जास्त शक्ती, लांब अँटेना आणि सगळं जग मिळतं.

किंमतही आहे बरं का. हॅमवर गुप्त भाषा चालत नाही, धंद्याचा निरोप चालत नाही. व्हॉट्सअॅपसारखं कुलूप इथे नाही, कोणीही ऐकू शकतं. खासगी बोलायचंय तर फोन करा. हॅम म्हणजे चावडीवर उभं राहून बोलणं. आणि रोज निनावी आयडीवरून एकमेकांना शिव्या घालणाऱ्या आपल्या पिढीला चावडीवर आपल्या नावाने बोलण्याची सवय लागली, तर वाईट काय?

आता करायचं काय? आधी ऐका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडतो, तिथे जगभरचे हॅम ऐकू येतात. कान तयार झाला की परीक्षेचं बघा. वयाची अट बारा वर्षं पूर्ण. परीक्षेत दोन भाग, एक रेडिओच्या तंत्राचा, दुसरा नियमांचा. 'रिस्ट्रिक्टेड' श्रेणीला मोर्स लागत नाही. ती पास झालात की व्हीयू३ची कॉलसाइन आणि ५० वॉटपर्यंत परवानगी. मोर्सही जमलं तर 'जनरल', म्हणजे व्हीयू२. नागपूर हे या परीक्षेचं जुनं केंद्र आहे, त्यामुळे मुंबईला पळायची गरज नाही. आणि कृपा करून ऑनलाइन स्वस्तात मिळतोय म्हणून कुठलाही वॉकी-टॉकी मागवू नका. परवान्याशिवाय तो वापरणं आजही गुन्हा आहे. परवानामुक्त सेट वेगळे असतात, त्यांच्या लहरी ठरलेल्या असतात.

परवाना आला की नागपूरकरांना एक फायदा आपोआप मिळतो. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, सगळी इथून हवाई अंतराने साधारण सातशे ते हजार किलोमीटरवर. दिवसा ७ मेगाहर्ट्झची लहर आकाशात एक टप्पा घेऊन बहुतेक एवढ्याच टापूत उतरते. राष्ट्रीय वाहिनीला त्यासाठी दहा लाख वॉट लागले होते. तुम्ही पन्नास वॉट आणि छतावरच्या तारेवर प्रयत्न करा.

झिरो माइलचा दगड सगळ्यांना माहीत आहे. पण हॅमच्या नकाशात आपल्या शहराच्या चौकोनाचं नाव आहे 'एमएल९१'. चिमूरची बातमी सांगणाऱ्या आवाजाला आपला पत्ता लपवावा लागला होता. तुम्हाला तो लपवायची गरज नाही. एखाद्या संध्याकाळी धरमपेठेतल्या एखाद्या गच्चीवरून पंधरा सेकंदांत तो जगाला सांगता येईल, स्वतःच्या कॉलसाइनसकट.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा.