धारवाडचा तंबोरा आणि पेटीतला कण

मी कला शाखेचा पदवीधर, सरकारी कचेरीत कारकून. आवक-जावक वही सांभाळतो. पत्र आधी, उत्तर नंतर. तारखा उलट्या झाल्या की साहेब धारेवर धरतात. कार्यकारणभाव मला पगारापुरता तरी कळतो.

भाची धारवाडला कर्नाटक विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकते. "तिला बँकेच्या परीक्षेला बसव," असं सांगून बहिणीने मला पाठवलं. अनमोड घाट चढून पोचलो, तर तिनेच विचारलं, "मामा, कण एका जागी कोंडता येतो?"

धारवाड म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूरांचं गाव. त्यांचं घराणं अल्लादिया खाँसाहेबांचं, आमच्या केरीच्या केसरबाईंचंही तेच. म्हणून तिने गाण्यातूनच समजावलं. तंबोऱ्याची तार गुंजत राहिली तर सूर नेमका कळतो. छेडताच दाबली तर नुसता ठोका उरतो. कणाचंही तसंच. तो एका जागी आणायचा तर वेगवेगळ्या लांबीच्या पुष्कळ लाटा एकत्र याव्या लागतात. हा तरंगपुंज.

१९२६ साली श्रोडिंगरला वाटलं, पुंज म्हणजेच कण. लोरेंट्झने त्याला लिहिलं, अणूत हा पुंज पसरत जाईल. १९४९ साली न्यूटन (आयझॅक नव्हे, टी. डी.) आणि विग्नर यांनी सापेक्षतेला धरून कणाच्या जागेची व्याख्या केली. त्याच १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ मुंबईत स्थापन झालं आणि पुढच्या वर्षी धारवाडला आलं. त्याचीही जागा ठरायला वेळ लागला म्हणायचा!

१९७४ साली हेगरफेल्टने बॉम्ब टाकला. ऊर्जेला खालची मर्यादा असेल आणि कण पेटीत पक्का कोंडला असेल, तर पुढच्याच क्षणी तो कितीही दूर सापडण्याची शक्यता उरते. प्रकाशाला मागे टाकून! असा निरोप धाडता आला, तर कुणाच्या तरी वहीत उत्तर पत्राआधी नोंदलं जाईल.

तोडगा काय? बहुतेक शास्त्रज्ञ पेटीलाच दोष देतात. क्षेत्रसिद्धांतात मूळ वस्तू कण नसून क्षेत्र. तिथे कण पक्का कोंडताच येत नाही, शेपूट बाहेर राहतेच. पण प्रकाश पोचू शकणार नाही अशा दोन जागांमध्ये निरोपही जात नाही. कार्यकारणभाव वाचतो, कणाची नेमकी जागा मात्र सुटते.

परतीच्या बसमध्ये आठवलं, बँकेचा विषय काढायचा राहूनच गेला. बहिणीला काय सांगू? एवढंच सांगेन, की पोरीला आताच पेटीत घालू नकोस.