सावकाराचा परवाना

परवा जुनी ट्रंक आवरताना आजोबांच्या नावाची एक पावती सापडली, कर्जाचा हप्ता भरल्याची. सावकाराच्या नावाखाली ‘परवानाधारक’ असे छापलेले. या एका शब्दामागे बराच इतिहास आहे.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातले सुपे, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली, पण खरा राग होता खतांवर आणि वह्यांवर. कागद हाती आले की बहुतेक ठिकाणी माणसाला कोणी हात लावला नाही. कागद जाळले गेले.

१८७९ च्या कायद्याने कोर्टाला खताच्या मागचा खरा व्यवहार तपासण्याची मुभा दिली. मात्र सावकारीला परवाना सक्तीचा केला तो १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने. परवाना घ्यायचा म्हणजे नुसती फी भरायची नव्हे. हिशेबवही ठेवायची, ऋणकोला कर्जाचे विवरण द्यायचे, आलेल्या पैशांची पावती द्यायची. परवान्याविना दिलेल्या कर्जाच्या वसुलीचा हुकूमनामा कोर्टाकडून मिळत नसे. २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात तर विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

सुप्याला जळलेला कागद फक्त सावकाराच्या घरी असे. परवान्याने एक कागद ऋणकोच्या हातीही दिला, हे मला मोठे वाटते.

आजोबांना अक्षरओळख नव्हती. पावती त्यांनी जपली, पण वाचली कधीच नाही. कायदा कागद देतो. तो वाचायला शिकवणे आम्हा मास्तरांचे काम. असो.