मुलींचे सहशालेय उपक्रम आणि मोकळ्या वेळेचा प्रश्न : शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात

माध्यमिक शाळेतील वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ किंवा गाइड पथक यांचा विचार साधारणतः व्यक्तिमत्त्व विकासाच्या अंगाने केला जातो. तथापि मुलींच्या बाबतीत या उपक्रमांचा इतिहास हा प्रथमतः वेळेचा इतिहास आहे. शाळा सुटल्यानंतरचा तास मुलीचा की घराचा, हा त्यातील मूळ प्रश्न होय.

न्या. महादेव गोविंद रानडे, रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींच्या पुढाकाराने १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल स्थापन झाले. हीच पुढे प्रसिद्धीस आलेली हुजूरपागा. टिळकांच्या पक्षाने या शाळेवर घेतलेल्या आक्षेपांत अभ्यासक्रमाबरोबरच ११ ते ५ ही वेळही होती. मुलगी दिवसभर घराबाहेर राहिली तर गृहकृत्यांचे काय, असा त्यामागील विचार होता. शहरी मध्यमवर्गात हा आक्षेप कालांतराने मावळला. ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात मात्र त्याला दारिद्र्याचे बळ होते. तेथे मुलीच्या श्रमावाचून घर चालत नसे.

हे वास्तव ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी अचूक ओळखले. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे कार्य १९५७ पासून कोसबाडला स्थिरावले (हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे). मुले गुरांमागे आणि मुली धाकट्या भावंडांमागे गुंतलेल्या. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली; गुराख्यांसाठी शाळाच कुरणात नेली गेली. कुरणशाळेची कल्पना वाखाणली जाते, परंतु मुलीला मोकळे करणारे पाळणाघर अधिक मूलगामी होते, असे म्हणावे लागते.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. तानसा, भातसा यांसारखी मुंबईला पाणी पुरविणारी धरणे शहापुरात असूनही तेथील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. हंडा बहुधा मुलीच्या डोक्यावर असतो. दिवाळीनंतर कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. अशा मुलीकरिता मंडळाची सभा म्हणजे घरच्या कामातील खाडा. निवासी आश्रमशाळेत संध्याकाळ तरी तिच्या वाट्यास येते. त्याचे मोल मात्र घरापासून दूर राहून चुकवावे लागते.

महाराष्ट्रातील शाळांत चालणाऱ्या मीना राजू मंचाचे नाव या संदर्भात अर्थपूर्ण ठरते. युनिसेफच्या १९९२ च्या पहिल्या मीना चित्रपटात राजू शाळेत जातो, मीना घरकामात अडकते आणि आपल्या मिठू पोपटाला शिकण्यासाठी वर्गाकडे धाडते. मुलीला वेळ नाही, हेच त्या कथेचे बीज आहे. मंचाची बैठक भरविताना त्याचा विसर पडला, तर ज्या मुलींसाठी तो आहे त्याच गैरहजर राहतात.

वेळ न मिळालेल्या मागील पिढ्यांचे काय झाले, हे मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे दिसले. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी तेथे आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी नऊवारी हा गणवेश, पाठीला दप्तर आणि वय साठीपासून नव्वदीपर्यंत. वर्ग भरण्याची वेळ दुपारी २ ते ४ ठेवण्यात आली, कारण तोवर घरची कामे आटोपलेली असत.