गंजलेल्या गाडीचे मोल: एका कॅम्पर व्हॅनचा इतिहास 🧵

१/ 'जुनी कॅम्पर व्हॅन विकणे आहे. भरपूर वापरलेली. दुरुस्ती आवश्यक.' अशा जाहिरातीतील 'दुरुस्ती' या शब्दाचा अर्थ गेल्या अर्धशतकात पार बदलला. फोक्सवॅगनच्या 'टाइप २' या गाडीच्या प्रवासात तो बदल स्पष्ट दिसतो.

२/ २३ एप्रिल १९४७ रोजी डच वाहन-आयातदार बेन पॉन यांनी आपल्या वहीत एक पेटीवजा गाडी रेखाटली. चालक अगदी पुढे, इंजिन मागे, मधली जागा मोकळी. ८ मार्च १९५० रोजी वोल्फ्सबुर्ग येथे तिचे उत्पादन सुरू झाले. युद्धातून सावरणाऱ्या जर्मनीला प्रथम मालवाहू गाडी हवी होती, सहली नंतरच्या.

३/ १९५१ मध्ये वेस्टफालिया कंपनीने 'कॅम्पिंग बॉक्स' आणला. गाडीत बसवता येणारे आणि काढताही येणारे हे सामान होते. त्यामुळे आठवडाभर माल वाहणारी गाडी सुटीच्या दिवशी कुटुंबाचे बिऱ्हाड होई.

४/ साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातील तरुण याच गाड्यांतून इस्तंबूल, तेहरान, काबूलमार्गे भारतात येऊ लागले. कुणी काठमांडूला गेले, कुणी गोव्यात विसावले. मात्र गाडी वाटेत विकणे सोपे नव्हते. 'कार्ने' हा सीमाशुल्काचा दस्तऐवज गाडी देशाबाहेर परत नेण्याची हमी देई. ती तिथेच विकली, तर शुल्काचा भुर्दंड बसे.

५/ लंडनमध्ये ऑस्ट्रेलिया हाउसबाहेरच्या रस्त्यावर मात्र वेगळाच बाजार भरे. युरोप पाहून परतलेले ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे तरुण आपली व्हॅन नुकत्याच आलेल्या देशबांधवांना विकत. येथे 'दुरुस्ती' म्हणजे गाडी पुढचा प्रवास निभावेल एवढी डागडुजी. रंग उडालेला असला, तरी कुणाची हरकत नसे.

६/ १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली आणि वर्षाअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. भारताचा तो खुष्कीचा मार्ग पर्यटकांसाठी जवळपास बंद झाला. दरम्यान चाकांच्या कमानी, दाराखालच्या पट्ट्या, बॅटरीखालचा पत्रा यांना गंजाने ग्रासले होते. कित्येक गाड्या भंगारात गेल्या.

७/ उरलेल्या दुर्मिळ झाल्या. २०११ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात १९६३ ची तेवीस खिडक्यांची टाइप २ तब्बल २,१७,८०० डॉलरना विकली गेली. गंजका सांगाडाही आता 'कच्चा माल' ठरला आणि 'दुरुस्ती' म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीच्या रूपात परत नेणे.

८/ त्यासाठी आधार मिळतो तो गाडीतील एका छोट्या धातूच्या पट्टीचा. निर्मितीचा काळ, मूळ रंग, कारखान्यात बसवलेली साधने आणि गाडी कोणत्या देशासाठी बनली, हे तिच्यावर सांकेतिक अंकांत कोरलेले असते. ही पट्टी शाबूत असेल, तर बाकीचा बहुतेक पत्रा नवा बसवूनही गाडी 'अस्सल' म्हणवते.

९/ खरा पेच येथेच आहे. ही पट्टी गाडीच्या जन्माची साक्ष देते, तिच्या आयुष्याची नाही. मालकाने हाताने ठोकलेले कपाट, टपावरच्या सामानाचे पोचे, रंगाचे एकावर एक थर ही नंतरच्या दशकांची साधने आहेत. जन्मदिवसाच्या हट्टापायी ती खरवडून टाकली, की गाडी चकचकीत होते आणि मुकी होते.

१०/ याचा अर्थ गंजाची पूजा करावी असा नव्हे. कुजलेला सांगाडा जीवघेणा असतो. तो बदललाच पाहिजे. पण पत्रा कापण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, निरुपद्रवी खुणा राहू द्याव्यात. विकणाऱ्याने गंज कुठे आहे ते लपवू नये आणि जुन्या पावत्या, नोंदणीपत्रे, असल्यास कार्नेची पानेही किल्लीसोबत द्यावीत. नव्या मालकाने कितीही पत्रा बदलला, तरी ही गाडी कोणकोणत्या सीमा ओलांडून आली, हे मग त्या कागदांत वाचता येईल.