गीझर, उन्हेरे आणि आजीचा नंबर

मागच्या आठवड्यात एपिसोड आला नाही, रिलीजच्या गडबडीत होतो. आजचा जरा लांब आहे, म्हणजे कर्जत ते दादर आरामात पुरेल. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिहून काढलंय.

सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपवरून झाली. ऑफिसमधला एक मित्र आइसलँडला गेला आणि त्याने स्ट्रोक्कूर नावाच्या गीझरचा व्हिडिओ टाकला. जमिनीत एक भोक, त्यात निळसर पाणी. पाणी आधी फुगतं आणि मग भस्सकन आकाशात उडतं. दर पाच-दहा मिनिटांनी हाच खेळ. मी तो आजीला दाखवला. तिने दोनदा बघितला आणि म्हणाली, "एवढ्या लांब गरम पाणी बघाया गेला? पालीजवळ हाय की."

आपल्याकडे गीझर म्हणजे बाथरूममधला पांढरा डबा, ज्याचं बटण बंद केलंस का म्हणून आई ओरडते. पण हा शब्द मुळात एका जागेचं नाव आहे. आइसलँडच्या हाउकादालूर खोऱ्यातला गेसिर, म्हणजे 'उसळणारा'. त्या एका झऱ्यावरून जगभरच्या उसळत्या झऱ्यांना आणि शेवटी आपल्या बाथरूममधल्या डब्यालाही नाव पडलं. आता आपल्याकडचं बघा. उन्हेरे, दापोलीचं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे. सगळ्यांत ते 'ऊन' बसलंय. ऊन पाणी म्हणजे गरम पाणी. आजी अजूनही "ऊन ऊन भाकर" म्हणते. म्हणजे नाव ठेवण्याची रीत दोन्हीकडे सारखीच, फक्त आपल्या शब्दाचा कुणी डबा केला नाही.

मग आपल्याकडचं पाणी उडत का नाही? या प्रश्नाचं उत्तर ज्याने शोधलं त्याच्या नावाचा बर्नर तुम्ही केमिस्ट्री लॅबमध्ये पेटवलाय. रॉबर्ट बन्सन. १८४५ मध्ये हेक्ला ज्वालामुखी फुटला आणि १८४६ मध्ये बन्सन आइसलँडला पोचला. त्याने गेसिरच्या नळीत थर्मामीटर सोडून वेगवेगळ्या खोलीचं तापमान मोजलं. खाली पाणी १०० अंशांच्या वर होतं, तरी उकळत नव्हतं. कारण सोपं आहे, घरच्या कुकरमध्ये तेच होतं. वर दाब असेल तर पाण्याला उकळायला जास्त उष्णता लागते. पाण्याखाली १० मीटर गेलात की उकळबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो, साधारण कुकरमध्ये असतो तेवढाच. आता खालचं पाणी थोडं वर सरकलं, की डोक्यावरचा दाब कमी होतो आणि त्याची झटक्यात वाफ होते. वाफ वरच्या पाण्याला ढकलते, दाब आणखी कमी होतो, आणखी वाफ. कुकरची शिट्टी, फक्त झाकण उडवून.

यासाठी तीन गोष्टी लागतात: भरपूर पाणी, खडकात अरुंद नळी आणि खाली चांगलीच उष्णता. आपलं तिसऱ्या गोष्टीवर अडतं. आपला काळा कातळ लाव्हाचाच, पण तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतला गेला, केव्हाच थंड झाला. कोकणातल्या झऱ्यांखाली लाव्हा वगैरे काही नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं (दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश वाढतात) आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. कोकनेर, अकलोली, गणेशपुरी, उन्हेरे, महाडजवळचं सव, तुरळ, राजवाडी, राजापूर अशी किनाऱ्याला समांतर सुमारे ३५० किलोमीटरची ही रांग आहे. सगळ्यात गरम पाणीही ७० अंशांच्या आसपास थांबतं. उडायचं कुठून?

जाता जाता एक किस्सा. भारतातल्या गरम झऱ्यांची पहिली मोठी यादी थॉमस ओल्डहॅमने जमवली, सुमारे ३०० झऱ्यांची. तो गेल्यावर मुलाने, रिचर्ड ओल्डहॅमने, ती १८८२ मध्ये छापली. याच मुलाने पुढे १९०६ मध्ये भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीला गाभा आहे हे दाखवलं. वडिलांनी गरम पाणी मोजलं, मुलगा थेट पृथ्वीच्या पोटात पोचला.

असो. रविवारी मित्राची वॅगन-आर घेतली, आजीला पुढे बसवलं आणि निघालो. कर्जतहून खोपोली. डोंगरावरून उतरणारे ते पाइप दिसले की मला नेहमी भारी वाटतं. १९१५ पासून टाटांचं वीजघर या पाण्यावर चालतंय. त्याच्या ११ वर्षं आधी, १९०४ मध्ये, इटलीत लार्देरेल्लोला जमिनीतल्या वाफेवर पाच बल्ब पेटवून दाखवले होते. आपल्याकडे गरम पाण्यापासून मोठ्या प्रमाणावर वीज अजून व्हायचीय. लडाखच्या पुगा खोऱ्यात १ मेगावॉटच्या प्रयोगासाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये करार केला. खोपोलीहून जांभूळपाडा, परळी करत पाली. डोक्यावर सरसगड. बल्लाळेश्वराला बाहेरूनच हात जोडले, कारण संकष्टी होती आणि रांग बघून आजीनेच "देवाला म्हाईत हाय" असं सांगून टाकलं. पुढे दोन-तीन किलोमीटरवर उन्हेरे.

आइसलँडच्या व्हिडिओनंतर इथे आलात तर निराश व्हाल, खरं सांगतो. उडणारं काही नाही. विठ्ठलाचं मंदिर, बांधलेली कुंडं, पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं. पाण्याला किंचित उकडलेल्या अंड्याचा वास. कडक आंघोळीच्या पाण्याइतकं गरम. गुडघे धरून बसलेली म्हातारी माणसं, आणि बाहेर शाम्पूच्या रिकाम्या पुड्या. (त्या पुड्यांबद्दल बोलायला लागलो तर एपिसोड संपायचा नाही.)

मी पाय सोडून बसलो होतो. आजी आत जायच्या आधी पायरीवर टेकली आणि बाहेर वाहून जाणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आम्ही तिथं बसायचो."

"इथं?"

"इथं नाय. माझ्या माहेराकडं. कुंडात मोठी लोकं. आमचा नंबर खाली, पाणी भाईर पडतं तिथं. तोवर कोमट व्हायचं."

कुठलं कुंड ते विचारलं. "नाव कशाला पायजे? फोनवर सांगशील सगळ्यांना." तिला पॉडकास्ट म्हणजे काय ते बरोबर कळलेलं आहे.

ती तेव्हा सात-आठ वर्षांची, म्हणजे १९५२ च्या आसपासची गोष्ट. घरी येऊन मी तारखा जुळवत बसलो, आणि झोप उडाली. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, की सरकारी पैशाने बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. सवचं गरम कुंड तिथून जवळच, सावित्रीच्या काठी. बोलेंचा ठराव इंग्रजांच्या मुलखापुरता होता. पाली-सुधागड तर १९४८ पर्यंत भोर संस्थानात, म्हणजे तिकडे तो लागूच नव्हता. २६ जानेवारी १९५० ला संविधान आलं. त्यातलं कलम १५ काढून वाचा. विहिरी, तलाव यांच्यासोबत 'स्नानघाट' हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलाय. मी बीटेकला असताना ते कलम परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. स्नानघाट कशाला लिहिलाय, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

आणि आजी १९५२ मध्ये कोमट पाण्यात.

तिकडच्या गेसिरचीही मालकीची एक कथा आहे. १८९४ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी तो जेम्स क्रेग नावाच्या माणसाला विकला. हा पुढे उत्तर आयर्लंडचा पहिला पंतप्रधान झाला. त्याने कुंपण घालून बघायचे पैसे लावले. शेवटी १९३५ मध्ये सिगुर्दूर योनासन या आइसलँडच्या माणसाने तो परत विकत घेऊन देशाला देऊन टाकला. तिकडे पैसे टाकले की कुंपणाच्या आत जाता यायचं, एवढा फरक.

बायकांच्या कुंडातून आजी बाहेर यायला पाऊण तास लागला. मला काळजी वाटायला लागली, आत जाणाऱ्या एका ताईंना बघायला सांगितलं. त्या हसत बाहेर आल्या, "येतायत, पण उठायला तयार नाहीत." आली तेव्हा बोटं पार सुरकुतलेली. गुडघा कसाय विचारलं, तर म्हणाली, "तसाच हाय." मग ओलं लुगडं पिळून पिशवीत भरता भरता, मी काही न विचारता, "मधोमध बसले होते."

पुढच्या एपिसोडमध्ये सव. आजी येते म्हणाली आहे.